भुलीचे डॉक्टर चारला जातात

...आणि वर मलाच म्हणतात, "काय ते तुम्ही ठरवा." मी? तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, पण भाजी कुठली आणायची तेही मी घरी विचारून जातो. जावई बाहेरगावी, मुलगी सकाळपासून आत कळा देतेय आणि डॉक्टरबाई माझ्यापुढे कागद धरून उभ्या. "बाळाचे ठोके मध्येच कमी होतायत. अजून घाबरण्यासारखं नाही. पण आमचे भुलीचे डॉक्टर चारला जातात. नंतर सिझर लागलं तर मोठं हॉस्पिटल दीड तासावर." आता हे सिझर बाळासाठी की घड्याळासाठी? विचारायची छाती झाली नाही.

शेजारी विहीणबाई. "व्याही, सही करू नका हं. माझी पाचही घरात झाली. एकदा पोट फाडलं की बाई कामातून गेली. घाई यांना आहे, बाळाला नाही." डॉक्टरबाईंचं ऐकलं की डॉक्टरबाईंचं पटायचं, विहीणबाईंचं ऐकलं की विहीणबाईंचं. आणि भुलीचे डॉक्टर चारला जातात...

चारला वीस मिनिटं कमी असताना मला सुचलं. सुचायला नको होतं. ते चारला जातात हीच अडचण ना? मग गेलेच नाहीत तर? गाठलं त्यांना फाटकाबाहेर, गाडीत बॅग ठेवायला आले होते तिथे. म्हटलं, "डॉक्टर, माझा गुडघा..." गुडघ्यावरून कंबर, कंबरेवरून झोप, झोपेवरून आमच्या हिला एकदा दिलेली भूल, ती कशी उतरेचना... माणूस सज्जन. फोन दोनदा वाजला त्यांचा. मी म्हटलं, "एवढं सांगून होऊ दे." चार वाजून गेले आणि मी मनातून खूश. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी ठरवलं होतं... काही न ठरवायचं.

तेवढ्यात नर्स धावत आली. "सर, इथे आहात होय? अख्खा दवाखाना पालथा घातला. पेशंटनं पावणेचारलाच स्वतः सही केलीय. ठोके फार उतरलेत. चला."

मी त्यांच्यामागे धावलो, तुम्हाला सांगतो, आणि आतून रडणं ऐकू येईपर्यंत ऑपरेशनच्या दारापासून हललो नाही. नात झाली. दोघी सुखरूप. मुलीपुढे सगळं कबूल केलं, तर म्हणते, "बाबा, मला कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघितली. मग पेन मागून घेतलं."

विहीणबाई सगळ्यांना सांगतायत, "मोकळी होतच आली होती, व्याह्यांनी गप्पा मारून भुलीच्या डॉक्टरांना थांबवलं म्हणून फाडावं लागलं." डॉक्टरबाई म्हणतात, धोका वाढला तो आजोबांच्या गप्पांमुळे. दिवसभरात दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं... ती गोष्ट म्हणजे मी.