लाकडी नळी

परतूरला रमाबाई डॉक्टरांनी निजामाची नोकरी सोडून सरकीच्या वखारीत स्वतःचा दवाखाना काढला, त्या सालची गोष्ट. ओसरीवर मी नंबराची वाट बघत होतो. शेजारी कुंभार पिंपळगावच्या गोजरबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याच गावच्या साळूबाई गरोदर लेकीला घेऊन पहिल्यांदाच आल्या होत्या.

"मला तर भेव वाटून राह्यलं, गोजरबाई."

"मलाबी वाटलं व्हतं. पयले दोन महिने इथं कुणी फिरकत नव्हतं. पर सुनेची आधीची दोन लेकरं मेलेली जन्मली व्हती, मंग तिसऱ्या खेपेला तिला घेऊन आल्ते."

"बाईनं काय केलं?"

"सुनेच्या पोटावर लाकडाची नळी ठिवून ऐकलं. मंग मला म्हनल्या, 'आजी, आता तुम्ही कान लावा.'"

"तुमाला?"

"मलाच! आत बारकं काळीज धडधडत व्हतं, साळूबाई. लई जल्दी, घोडं पळावं तसं. मी तिथंच हात जोडले, पर कुणाला जोडले ते मलाच कळंना."

"आन् मंग?"

"मंग काय, दर पंधरा दिसाला येत राह्यलो. हा बघा, कसा निजलाय."

साळूबाईंनी बाळाच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"मलाबी ऐकू देतील का वो?"