अंजनाचं टेबल

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा संयोगिताताई, व्यासपीठावर ताठ बसलेले प्रमुख पाहुणे सुभेदार नानासो, खुर्च्या कमी पडल्या म्हणून सतरंजीवर बसलेल्या माझ्या मैत्रिणी, आणि आजची आपली सत्कारमूर्ती... अंजना, तो माईक खाली ठेव. तो चालू आहे. चालू असलेली वस्तू उघडायची नसते.

तर, सर्वांना माझा नमस्कार.

अंजनाचा मुलगा विश्वजीत आणि सूनबाई प्रांजल तिला शिरवळला न्यायला आले आहेत. सांगलीतलं घर आवरून झालं, उद्या टेम्पो येणार. फक्त एका गोष्टीवर घोडं अडलंय. अंजनाच्या व्हरांड्यातलं ते टेबल तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. इस्त्रीच्या चटक्यांनी डागाळलेलं, एका कडेला वस्तू आवळून धरणारा लोखंडी शिकंजा, खणात पाने, पकडी आणि देव जाणे काय काय. विश्वजीत म्हणतो, फ्लॅटमध्ये जागा नाही. अंजना म्हणते, "टेबल न्हाई, तर मी बी न्हाई." म्हणजे निरोप समारंभ आहे खरा, पण पाहुणी जाणार की नाही हेच अजून ठरलेलं नाही. पेढे मात्र संयोगिताताईंनी वाटून टाकले!

माझी आणि अंजनाची ओळख मिक्सरमुळे झाली. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टरनी शिकवलं होतं, वस्तू जपायची म्हणजे तिला उगाच हात लावायचा नाही. आमच्याकडे रेडिओवरसुद्धा विणलेलं झाकण असायचं. अशी मी, लग्नात आलेला मिक्सर बंद पडला म्हणून हळहळत बसले होते. आणि ही शेजारीण, नुकतीच कुंडलहून राहायला आलेली, पदर खोचून आत आली. म्हणाली, "आवं मायाताई, उघडल्याबिगर कसं कळंल त्याला काय दुखतंय?"

तिनं वर्तमानपत्र पसरलं आणि माझ्या मिक्सरचे इतके तुकडे केले की मला रडूच आलं. ती मात्र खुशीत. "बगा की, आत केवढं गाव वसलंय!" दुपारी सगळं पुन्हा जोडलं, तर दोन स्क्रू उरले. मी विचारलं, "हे कुठले?"

"ऱ्हाऊ द्या. कंपनीवाली जास्तीचंच घालत्यात."

मिक्सर सुरू झाला आणि ओट्यावरून सरकत सरकत सिंककडे निघाला. आम्ही दोघींनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून खोबरं वाटलं. पुढं कितीतरी वर्षं आम्ही तसंच वाटत होतो. तेवढ्यासाठी ती रोज यायची. मग सांगा, त्यात बिघडलं काय?

आता हसू नका, नानासोंचा विषय निघणारच. त्यांची परवानगी मी आधी घेतली आहे. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. अंजनानं हा नियम दुरुस्तीलाही लावला. मिक्सर दुरुस्त केला की भांड्यात शेंगदाण्याची चटणी. कुकर दिला की आत चार लिंबं. एकदा नानासोंच्या घरचं, म्हणजे त्यांच्या हरणाबाईंचं, कपडे धुण्याचं यंत्र तिच्या व्हरांड्यात आलं. दुरुस्त झालं. आता एवढं मोठं भांडं रिकामं कसं पाठवायचं? तिनं कपडे पिळायच्या बाजूला चांगली ओंजळभर साखर घातली!

हरणाबाईंनी आत न बघता नानासोंचा पांढरा पोशाख त्यात टाकला. दुसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट. सकाळी इस्त्री केल्यावर नानासो खूश. "आज कापडं कशी कडक बसल्यात!" आणि झेंड्यासमोर सलामी द्यायला उभे राहिले, तेव्हा मुंग्यांची एक रांग बुटावरून वर निघाली. आम्ही सगळ्या बघतोय. रांग गुडघ्यापर्यंत आली, कमरेपर्यंत आली, कॉलरपर्यंत पोचली. पण राष्ट्रगीत संपेपर्यंत सुभेदार हलले नाहीत! संपल्यावर मात्र जे धावले, ते थेट घरी. मागून हरणाबाई ओरडतायत, "आवं, टोपी! टोपी ऱ्हायली!"

नानासो, तुम्ही आज हसताय. त्या दिवशी तुम्ही अंजनाला काय काय बोललात, ते मी इथे सांगणार नाही.

पण मैत्रिणींनो, आता अशा गमती तरी कुठे घडतात? पूर्वी कुपवाडला गेलं की जळालेली कॉइल गुंडाळून देणारा कुणीतरी भेटायचा. आता दुकानात वस्तू नीट पिशवीतून काढायच्या आतच उत्तर येतं, "नवीन घ्या." परवा मी पाण्याची किटली घेऊन गेले. दुकानदारानं उलटीसुलटी करून पाहिली. तिला एकही स्क्रू नाही, सगळीकडून चिकटवलेली. "मावशी, ही उघडतच न्हाई." मी ती अंजनाकडे नेली. तिनं बराच वेळ हातात धरली आणि म्हणाली, "लय घुमी बाई हाय ही."

मग तिथंच, टेबलाशी, तिचे हात थांबले. म्हणाली, "तिकडं कायबी बिघडलं तर कंपनीचा माणूस येऊन बदलून देतोय म्हणं. मग मी दिवसभर काय करू? सोफ्यावर बसून ऱ्हाऊ? मायाताई, एक दिवस मलाबी बदला म्हणतील."

विश्वजीत, मान खाली घालू नकोस. तू चांगला मुलगा आहेस, म्हणूनच भर सभेत विचारते. तुझी आई निवांत बसलेली तू कधी पाहिली आहेस का? मग त्या बाईला तू नेणार कुठे, आणि ठेवणार कशी? टेबलाशिवाय जी येईल ती अंजना असेल का? आणि अजून माझे तीन मुद्दे...

काय? प्रांजल काहीतरी म्हणतेय. मोठ्यानं बोल गं. "अहो, बाल्कनीत ते चालायचं यंत्र आहे ना, त्याच्यावर टॉवेलच वाळतात."

ऐकलंत? आणि विश्वजीत काय म्हणतोय? "न्हेतो, मावशी, न्हेतो! यंत्र काढतो आणि टेबल ठेवतो. पण आता तुमी बसा!"

वाजवा टाळ्या! जोरात वाजवा!

मी का नाही वाजवत? अहो, माझ्या आत्ताच लक्षात आलं. टेबल जाणार, म्हणजे अंजना जाणार. इतका वेळ मी घसा फोडून तिच्या बाजूनं भांडले, आणि हा पोरगा "नाही" म्हणाला असता तर ती इथंच राहिली असती. माया, काय केलंस हे?

असो. अंजना, पदर लावू नकोस डोळ्यांना. जा, आणि सुनेच्या घरातलं एकेक यंत्र उघडून बघ. अध्यक्षांनी घंटी न वाजवता मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलं, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर घरचीच बाई समजून पदरात घ्या. आणि जाता जाता एक चौकशी. माझी इस्त्री कालपासून तापत नाही. शिरवळला थांबणारी सकाळची एसटी किती वाजता सुटते, कुणाला माहीत आहे का?