आभाळाचे फोटो

त्या दिवशी आभाळ घासलेल्या ताटावानी होतं, ढगाचा तुकडा नाई, थंडी गेलेली अन् ऊन अजून अंगाले लागत नोहोतं... म्हनून म्हनतो, हवामानाले दोष देता येत नाई, मोबाईललेबी नाई, मोबाईल नातवानंच घेऊन देल्ला, चांगला आहे. मंग फोटो काऊन नाई निंघाले? तुमाले सांगतो, तुमीच न्याय करा, मानसानं आवाजाकडं नाई पाहाचं त कुठी पाहाचं?

आमी आरमोरीकडचे, जंगलाच्या कडंच्या गावचे. मोहफूल येचताना डोळे जमिनीवर अन् कान जंगलात. पाला वाजला का मान तिकडं. अस्वल असो का रानडुक्कर, आधी कान, मंग डोळे. असंच करत म्हातारा झालो, अंगावर ओरखडा नाई.

त आमचा नातू दिनेश, तो हवाईदलात. ते लाल-पांढरे विमानं पंखाले पंख लावून उडतेत नाई का, त्याईची देखभाल करते. लय दिवसाचा घरी आला नाई. नागपुरात त्याईचा कार्यक्रम ठरला, तवाबी दिनेशले मागंच तळावर ठेवलं, विमानं तेवढे आले. माही बायको सोमारी गुडघ्यानं घरी बसलेली. ते म्हने, "ज्याच्यापाई पोरगा सनाले येत नाई, त्याचं तोंड त पाहू द्या मले." म्या म्हनलं, पेपरात येइन. "पेपरातलं नको. तुमी सोत्ता काहाडून आना. तुमाले दिसलं त मले दिसलं." आता ह्या बाईले नाई कोन म्हनन?

गेलो. मैदानात जत्रेत नसते एवढी मानसं. बाजूले वरोऱ्याचा जुबेर, लग्नाचे फोटो काहाडनारा, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन उभा. भला मानूस. म्हने, "बाबाजी, मोबाईल आडवा धरा, अन् बोट तयार ठेवा." ठेवलं. वाट पाहून राह्यलो. वाट पाहनं आपल्याले येते, त्यात काई नाई.

अन् डाव्या अंगानं असा आवाज आला, जसा जुना सागवान कडाडून पडला... मान डावीकडं, बोट दाबलं. अन् सारे लोक उजवीकडं पाहून टाळ्या वाजवून राह्यले. म्हनलं, ह्याईले काय झालं? मोबाईलात पाहतो त निस्तं आभाळ. जुबेर म्हने, "आवाज के पीछे मत जाओ, बाबाजी. विमान कवाचंच पुढं गेलं, आवाज मागून येऊन राह्यला." म्या म्हनलं, असं कसं? अस्वल पुढं अन् त्याचा आवाज मागं? "अस्वल नोहोय न ते."

बरं. मनाशी पक्कं केलं, आवाजाच्या पुढं पाहाचं. मंग आवाज आला उजवीकडून, अन् ही मान गेली न उजवीकडंच, बोटबी तिच्या मागं. मान माही, पन आयकते कानाचं. एक विमान पोट वर करून उडलं म्हनते, जुबेरनं सांगतलं म्हनून मले ठाव. धूर मातर दिसला. धूर कुठी पळत नाई. त्याचा काहाडला. मानसानं आवाजाकडं नाई पाहाचं त कुठी पाहाचं?

जुबेरले दया आली. "माहा एक फोटो घेऊन जा, कोनाले समजते?" म्हनलं, सोमारीले समजते. तिच्यासमोर खोटं बोललो नाई असं नाई, पन जमलं कवाच नाई.

घरी आलो. सोमारीनं मोबाईल डोळ्याजवळ घेतला. एक आभाळ पाह्यलं, दुसरं आभाळ पाह्यलं, सारे पाह्यले, घाई नाई केली. धुरावर थोडी थांबली. मंग म्हने, "आभाळ साफ होतं." बस. रागावली असती त बरं होतं.

तेवढ्यात रोजच्यावानी फोन वाजला. दिनेश. "आजी, जेवली काय? होळीले सुट्टी भेटली त येतो." अन् ठेवला. सोमारी त्या बंद मोबाईलाकडंच पाहत राह्यली.

शेजारची बुधरीबाई आंगनात सूप घेऊन तांदूळ पाखडून राह्यली होती. म्या तिले विमानाचं सारं सांगतलं अन् म्हनलं, बाई, तूच सांग, मानसानं आवाजाकडं नाई पाहाचं त कुठी पाहाचं?

तिनं सूप थांबवलं नाई. म्हने, "इसरूभाऊ, तुमचा नातूबी तसाच आहे. आवाज रोज घरी येते, मानूस कवाचाच पुढं निंघून गेला."