एकावर बत्तीस शून्यं

फिजिक्सच्या मास्तरानं सासुरवाडीत तोंड बंद ठेवावं, हे मला अकोल्यात कळलं. मे महिन्यात अमरावतीहून तिकडे गेलो होतो. जावई म्हणून कूलरसमोरची खुर्ची अर्थात माझी. सासरे जुने वकील, बाजूला घाम पुसत बसलेले. मी सहज म्हटलं, "बाबूजी, याच्यावर गरमी असूच शकत नाही!"

"असं तुमच्या शास्त्रात लिहून हाये काय?"

झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. "नाही, शास्त्रातली मर्यादा फार वर आहे. एकावर बत्तीस शून्यं, साधारण तेवढे अंश. त्याच्यापुढे आमचं शास्त्रच हात टेकतं."

"अन् आज अकोल्यात किती हाये?" बाबूजींनी कोर्टातल्यासारखं विचारलं.

"सेहेचाळीस."

"म्हणजे एक बी शून्य नाही!" ते उठले आणि कूलरचं तोंड आपल्या खुर्चीकडे फिरवलं. "मंग जावईबापू, तुमी कूलर कायले अडवून राहिले?"

मी मोठ्या आशेनं बायकोकडे पाहिलं. तिनं बापाला विचारलं, "बाबूजी, यायले गोधडी आणून देऊ काय?"