मारोतरावांचा डावा पाय

मी, कौशल्या मारोतराव भुरे, वय ५८ वर्षे, धंदा घरकाम, मूळ राहणार जिल्हा भंडारा, हल्ली मुक्काम हुडको, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड, आज रोजी ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून जबाब देते, तो असा.

वरील पत्त्यावर मी माझे पती मारोतराव यांच्यासह राहते. हिंदी मले येते, पण खरं बोलाचं असलं का मराठीच तोंडात येते. हवालदार भूषण पडोळे आमच्याच भंडाऱ्याकडचे असल्याने त्यांनी जबाब मराठीत घेतला असून हिंदी तर्जुमा ते सोबत लावणार आहेत. त्यांनी सुरुवातीला 'सदर वाहन' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, साहेब, आमची पांढरी गाडी असं लिहा, नाही तर वाचून दाखवाल तवा मलेच समजणार नाही. माझे शब्द मी बोलली तसेच ठेवावे, ही विनंती मान्य केली.

माझ्या पतीने हुडकोतील गॅरेजवाला सुगत रामटेके याच्यावर तक्रार दिली आहे, की त्याने नवी म्हणून जुनी क्लच प्लेट टाकली आणि त्यामुळे गाडी चढावर बंद पडून घरच्या लोकांच्या जिवावर बेतलं. दीड वर्षात ही तिसरी प्लेट जळाली. तक्रारीत साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. ते मले विचारून टाकलेलं नाही. काल ते मले म्हणाले, "तू फक्त इतकंच सांगजो, का प्लेट जुनी होती. बाकी मी पाहून घेतो." मी म्हटलं, "येते मी. पण जे पाह्यलं तेच सांगीन." ते समजले, बायको आहे, आपल्याच बाजूनं बोलंन.

प्लेट जुनी नव्हती. विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्यायच्यासोबत गॅरेजवर गेली होती. सुगतनं सीलबंद डबा आमच्या समोर फोडला. नवीन वस्तू आहे म्हणून मी हळदी-कुंकू नेलं होतं आणि प्लेटलेच लावत होती. तो ओरडला, "काकू, प्लेटले नका लावू, डब्याले लावा!" म्हणून मी डब्याले लावलं. तो पुठ्ठ्याचा डबा मी घरी नेला, त्यात मुंगवड्या ठेवत होती. आज वड्या काढून डबा सोबत आणला आहे. कुंकू अजून दिसते. जप्त करायचा असेल तर करा, पण परत पाहिजे.

मग प्लेट कावून जळते, असं हवालदार साहेबांनी विचारलं. ते मी रोज बाजूच्या सीटवर बसून पाहते. मारोतरावांचा डावा पाय क्लचवरून उठतच नाही. गाडी सरळ रस्त्यानं चालून राहिली तरी पाय तिथंच. अर्धा दाबलेला क्लच प्लेटले नीट धरू देत नाही, ती घासत राहते आणि घासून घासून जळते. सिग्नलवर, चढावर तेच. मी हँडब्रेक लावा म्हटलं का म्हणतात, "हँडब्रेक नवशिक्याचं काम आहे." गाडी गॅरेजात उभी आहे, कोणीही जाऊन पाहा. त्यायच्या पायाखालची मॅट उजव्या बाजूनं मळून काळी झाली आणि डावीकडे कोरी आहे. तो पाय खाली टेकलाच नाही तर मळंल कशी?

सुगतनं दोनदा त्यायले सांगितलं, "काका, पाय सुटा ठेवा." पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा भडकले, "तू मले पाय शिकवतं? तुया जन्माच्या आधीपासून हा पाय काम करून राहिला!"

हे खरं आहे आणि त्याचं कारणही लिहून घ्यावं. माझे पती दुर्गजवळच्या रसमड्यातल्या एका कारखान्यात रिटायर होईपर्यंत क्रेन चालवत होते. ते वर केबिनमध्ये, हुकाले लोखंड टांगलेलं, आणि खाली माणसं. त्या क्रेनले डाव्या पायानं दाबायचा ब्रेक होता. माल हवेत असला का ब्रेकवरून पाय हलवायचा नाही, हा त्यायचा धर्म. "माह्या हुकाखाली कोणाचं नख नाही तुटलं," हे ते लग्नात, बारशात, मयतीतसुद्धा सांगतात. आणि ते खोटं नाही. मले त्याचा अभिमान आहे. आता नोकरी सुटली, पण पाय सुटला नाही. टीव्हीवर सासू-सुनेचं भांडण वाढलं का इकडे त्यायचा डावा पाय फरशीवर दाबलेला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बाप्पा, म्हणून मी त्यायच्या मरणाची वाट पाहत बसू काय?

गेल्या गुरुवारी आम्ही मुलगी भाग्यश्री आणि तिचा लहाना गोलू यांना नेहरू नगरले सोडायले निघालो. ओव्हरब्रिजच्या चढावर गाड्या तुंबल्या होत्या. मारोतरावांनी गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवली. जळाल्याची बास आली. भाग्यश्री मागून म्हणाली, "बाबा, बास येऊन राहिली, पैर हटाओ ना." ते म्हणाले, "तू चूप बैस." समोरची गाडी सरकली, त्यायनं रेस दिली. इंजिन नुसतं बोंबललं आणि गाडी वर जायच्या जागी मागं आली. पाय दोन, पॅडल तीन. त्यायनं ब्रेक दाबला, पण उशिरा दाबला.

ते उतरले, बोनट उघडलं आणि फोनवर सुगतले शिव्या देऊ लागले. मी मागं गेली. मागं जे होतं ते मी आजपर्यंत घरात कोणाले सांगितलं नाही, भाग्यश्रीलेही बोलू दिलं नाही. आज सांगते. एक बाई सायकल हातात धरून चढ चढत होती. सायकलचं पुढचं चाक आमच्या गाडीखाली वाकलं होतं. बाई उडी मारून बाजूला पडली म्हणून वाचली. गुडघा फुटला होता, टमाटे उतारावरून खाली चालले होते. मी माह्या ओढणीनं गुडघा बांधला. नाव विचारलं, पंचफुला म्हणाली, भाजी विकते. मीच तिच्या हातापाया पडत होती आणि तीच मले म्हणे, "जान दे दाई, बाँच गेंव." म्हणजे जाऊ दे माय, वाचली मी.

मी घरी बोलली नाही. 'कोणाचं नख नाही तुटलं' या ज्या एका वाक्यावर माणूस उभा आहे, ते मोडायले माही जीभ रेटली नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यायनं सुगतवर तक्रार ठोकली. सुगत सकाळपासून इथं बाकावर बसून आहे. गल्लीत त्याले चोर म्हणून राहिले. त्याची माय शेवंता माह्या पोरीच्या बाळंतपणात माह्या घरी राबली, आता ती माह्याकडे पाहत नाही. केस लागली तर त्याचं गॅरेज बसलं. आणि चौथी प्लेट पडली तरी पाय तोच राहील. पुढची पंचफुला उडी मारू शकंल का नाही, कोण सांगंल? म्हणून मी ठरवून आली आहे. कोर्टात बोलावलं तर तिथंही हेच सांगीन. सुगतचा दोष नाही. घरी कितीही आदळआपट झाली तरी माझा जबाब बदलणार नाही.

इथपर्यंतचा जबाब वाचून दाखवताना माझे पती आत येऊन समोरच्या खुर्चीवर बसले होते. त्यायचा डावा पाय फरशीवर दाबलेला होता. पंचफुलाची गोष्ट आली तवा त्यायनं हवालदार साहेबांना ते पुन्हा वाचायला लावलं. मग मले विचारलं, "मागं बाई होती?" मी म्हटलं, "होती, अवो." त्यायनं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि टेबलावर माह्यापुढे ठेवली. तक्रारीचं काय करायचं ते त्यायले विचारावं. प्लेट सुगतच टाकंल, आणि गाडी मी शिकणार आहे. मारोतरावांनी माह्या जागेवर बसावं. तिथं कितीही पाय दाबला तरी कोणाले काही होत नाही.

वरील मजकूर मला मराठीत वाचून ऐकवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, कोणाच्या दबावाने दिलेला नाही. सही करताना किल्ली माझ्या डाव्या हातात होती, हेही लिहावे.

सही
कौशल्या मारोतराव भुरे

समक्ष
भूषण पडोळे, हवालदार