टोलीतली घंटा

करडीच्या थांब्यावर भंडाऱ्याच्या एसटीची वाट पाहता पाहता तेजस्विनीचे कान शेजारच्या बाकाकडे लागले. मांडीवर लाल झेंडा घेतलेले चंद्रभान जवळच्या टोलीतल्या, त्या लहानशा वस्तीतल्या, शेवंताबाईला मोर्चाला घेऊन निघाले होते.

"काका, किती वाजले जी?" शेवंताबाईने विचारलं.

"बारा. आज सरकारले जाब विचारूच! पोरं कमी म्हणून शाळा बंद, पॅसेंजर कमी म्हणून टोलीची गाडी बंद. खर्च वाचवून राहिले म्हणते. कोणासाठी वाचवून राहिले?"

"पण गाडी येते ना?"

"येईन. तिथं तुले बोला लागते. शाळा गेली, खिचडी शिजवाचं काम गेलं, सारं सांगजो."

"सांगीन. एक वाजेपर्यंत वापस येणं होते काय?"

"मोर्चा हाय बाई, बाजार नाही! संध्याकाळ होईन. टोलीत काय अडलं तुझं?"

"घंटा."

"कोणती घंटा? शाळेले तर कुलूप हाय."

"घंटा बाहेर हाय, वऱ्हांड्यात. एक वाजता पोरांच्या जेवणाची घंटा झाली का धान रोवणाऱ्या बायाही जेवाले बांधीच्या चिखलातून बाहेर निघत. शाळा बंद झाली, तं वावराचा मालक म्हणे, घंटा कुठं झाली, रोवा अजून. तेव्हापासून मीच वाजवून राहिली."

"मंग आज कोणाले सांगून आली?"

"कोणालेच नाही."

तेजस्विनीने नकळत मोबाइलवर वेळ पाहिली. तेवढ्यात वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.

"चाल, ऊठ, गाडी आली."

"तुम्ही जा, काका. तिकडं बाया चिखलात वाकल्या वाकल्या कान देऊन असतीन."