पॉलिहाऊसमधली खाट

वणीच्या बसमध्ये पुढच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची सून बसली होती. त्यांच्या काळ्या पाइपचं भेंडोळं एवढं ऐसपैस पसरलं होतं, की मागे बसलेल्या दिनेशला पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मग त्याने निदान कान तरी पुढे केले.

“आबा, आता ते फुलांचं पॉलिहाऊस सोडा, घरात झोपायला या. थंडी लय पडलीय.”

“थंडी तुमच्या घरात. आपल्या बोअरचं पाणी जमिनीतूनच कढत येतं, पॉलिहाऊसात पाइपातून फिरतं. परवा एक बेडूक घाम पुसत बाहेर पडला.”

“कशानं पुसला?”

“गुलाबाच्या पानानं. दुसरा बेडूक साक्षीला हाय.”

“चेष्टा पुरे. गाव मला म्हणतं, सासऱ्याची खाट फुलांत नेऊन टाकली. माझं काही चुकलं का?”

“तुझं नाय गं. रात्रभर खोकतो मी. बाळ दचकून उठतं. फुलं काय उठून रडत नाय.”

“तुम्ही गेल्यापासून बाळ झोपतच नाय, आबा. मी भिंतीआड बसून तुमच्यासारखी खोकते, तेव्हा कुठं त्याचा डोळा लागतो.”

“मला शिकवती थापा मारायला?”

“माझा घसा बसला, म्हणून कालपासून तुमचा लेक खोकतोय.”

दिंडोरी आली, गेली. म्हातारा सुनेकडे वळला.

“जमतं का त्याला?”

“कुठलं! त्याचं ऐकून बाळ हसत बसतं.”

“हसणारच. खोकला कसा पोटातून यावा लागतो. आज येऊन दाखवतो त्याला.”